बैलबाजारातली अकरावी

आमच्या हायस्कुलात पालकसभा ठरली की शिपाई सतरंज्या अंथरायचा आणि संध्याकाळी जवळजवळ कोऱ्याच गुंडाळून ठेवायचा. येऊन येऊन यायच्या चार-पाच आया. पदर सावरत मागे बसायच्या, आणि पोरानं अकरावीला काय घ्यायचं ठरवलंय असं मी विचारलं की एकमेकींकडे बघून हसायच्या. "बाई, ते त्याच्या बापाला इचारा." बाप मात्र हाती लागत नसे. बाप नारायणगावला टोमॅटो घेऊन गेलेला, बाप लग्नाला गेलेला, नाहीतर बाप गावातच असून मास्तरणीपुढं काय बोलायचं म्हणून डेअरीच्या कट्ट्यावर बसलेला.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेल्ह्याजवळच्या एका गावात मी शास्त्र शिकवत होते. दहावीच्या मुलांना पुढच्या शिक्षणाची वाट दाखवायला शाळेत एक शिक्षक नेमावा असं वरून आलं आणि हेडमास्तरांनी ते लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं. कारण उघड होतं. मी वारूळवाडीची, बागायतदारांच्या घरातली, आणि उलट उत्तर देण्याचं बाळकडू मला घरातूनच मिळालेलं. हेडमास्तरांना वाटलं, हिला काहीतरी काम दिलं म्हणजे शिक्षकांच्या खोलीत जरा शांतता नांदेल.

त्याआधी काही वर्षं मी आंबेगावात शिनोलीला होते. तिथं भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातली मुलं यायची, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरांतली. मी नवीन, उत्साही. एका मुलीच्या आईला सायन्सचे फायदे सांगत सुटले. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शिकीव म्हनायला काय जातंय बाई, ऱ्हायाचं कुटं ते आदी सांगा." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रॅक्टिकल सुटायची दुपार कलल्यावर आणि डोंगराकडे जाणारी शेवटची एसटी त्याच्या आधीच निघून जायची. म्हणून तिकडच्या हुशार मुली आर्ट्सला जात होत्या, आवडीनं नव्हे. त्या दिवसापासून मी कुठल्याही मुलाला शाखा सुचवण्याआधी त्याचं गाव विचारते, गाडी विचारते, वसतिगृह आहे का ते बघते. त्या बाईचे उपकार मी विसरले नाही. मला कोणत्याही प्रशिक्षणात इतकं कामाचं वाक्य ऐकायला मिळालेलं नाही.

तर बेल्ह्याकडे आले आणि बाप भेटेनात. एकदा सभा अशीच रिकामी गेल्यावर मी हेडमास्तरांपुढे कुरकुर केली. ते हसून म्हणाले, "बाप पाहिजेत ना बाई? मग बेल्ह्याच्या बाजारात जा. जित्राबासाठी सगळे बाप वेळेवर हजर असतात." बाकीचे शिक्षक हसले. त्यांनी तिथंच थांबायला हवं होतं, पण एक जण म्हणाला, "बाई कुठल्या जायला!" झालं. मला कुणी असं म्हटलं की मी जाणारच.

बाजाराच्या दिवशी शाळा सकाळची असे. दुपारी बारा वाजता मी ‘दहावीनंतर काय?’ हा तक्ता गुंडाळून काखेत मारला आणि बैलबाजारात जाऊन उभी राहिले. उन्हात दावणीला बैल बांधलेले, शेणाचा आणि कडब्याचा वास, टेम्पोतून उतरताना खोंडांचा धिंगाणा, आणि नजर जाईल तिथं टोप्या. बाईमाणूस म्हणाल तर मी आणि चहाचा गाडा लावणारी एक मावशी. मी आडोशाला मावशीच्या गाड्यामागं बसायला लागले तर तिनं मला दंडाला धरून पुढं आणलं. "मागं बसून कोन बगनार तुमाला? भायेर बसा. दुकान लावलंय तर दिसाया पायजे." तिनंच माझा तक्ता ताडपत्रीच्या बांबूला बांधला. पुढची कितीतरी वर्षं तो तिथंच लागला, आणि मावशीनं माझ्याकडून चहाचे पैसे कधी घेतले नाहीत.

पहिल्या दिवशी लोक लांबून बघून जात होते. शेवटी एका पागोटेवाल्यानं धीर केला. "बाई, बैल घ्यायचाय का गाय?"

"पोरगा घ्यायचाय," मी म्हटलं. "दहावी पास. असला घरात तर दाखवा."

आजूबाजूचे हसले, पागोटेवाला सगळ्यांत जास्त हसला, आणि तिथंच बाकावर टेकून म्हणाला, "हाय की एक. पर लई आडमुठा हाय." अशी माझी सुरुवात झाली.

मग मात्र बाप यायला लागले. शाळेत तोंडातून शब्द न काढणारे बाप बाजारात घडाघडा बोलायचे, कारण इथं ते परक्या जागी नव्हते, मी होते. एकाला पोरगा मिलिटरीत घालायचा होता, पोराला मात्र आयटीआयमध्ये मोटारीचं काम शिकायचं होतं. एकाच्या घरात चुलत्याची सून डीएड झालेली, म्हणून घरातल्या सगळ्या पोरींनी डीएड करायचं ठरलेलं. एक जण म्हणाला, "मार्क साठच्या वर पडले की सायन्स, खाली पडले की आर्ट, अन् मदी लटकले की कॉमर्स. ह्यात इचारायचं काय?" मी त्याला म्हटलं, "बैल घेताना नुसती उंची बघता का हो तुम्ही?" तो म्हणाला, "छ्या! दात बगायचे, खूर बगायचे, चालवून बगायचा." "मग पोरगं जरा चालवून बघा की." त्यानं कपाळावर हात मारला आणि दुसरा चहा सांगितला. अशी थट्टा मला फार मानवायची. भांडायला आणि हसायला मला तेवढी मोठी जागा दुसरी मिळाली नाही.

त्याच बाजारात एक दलाल होते. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहून सौदा जुळवून देणारे. उंच, बोलणं मोजकं, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या शब्दावर लोक डोळे झाकून जनावर नेत. बैलात खोड असली तर आधी सांगायचे, मग भावाचं बोलायचे. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. अभ्यासात चांगली, पण बोलण्याच्या नावानं आनंद. वडिलांसमोर तर तिच्या तोंडातून "हो दादा" याशिवाय काही निघायचं नाही. वर्गात एकदा मी प्रत्येकाला पुढं काय व्हायचंय ते विचारलं. तिनं मान खाली घालून सांगितलं, "जनावरांचा डॉक्टर." मुली फिदीफिदी हसल्या. मी त्यांना गप्प केलं आणि नंतर तिला बाजूला घेऊन विचारलं, हे कुठून डोक्यात आलं? ती म्हणाली, "आमच्याकडं बाजाराच्या आदल्या दिवशी जनावरं आणून बांधतात. एखादं रात्रभर गप उभं राहतं, खात नाही. त्याला काय होतंय ते त्याला सांगता येत नाही ना, बाई." एवढं सलग ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली होती.

दहावीला तिला छान मार्क पडले. जनावरांचा डॉक्टर व्हायचं तर अकरावी सायन्सला बायलॉजी घेणं भाग होतं. मी निर्धास्त होते. बाप माझ्या ओळखीचे, समजूतदार, घरात खाऊन-पिऊन सुखी. बाजारात भेटले तेव्हा मी सहज म्हटलं, "बायलॉजी घालताय ना अर्जात?"

"न्हाई बाई," ते म्हणाले. "गनित आन ते इलेक्ट्रॉनिक का काय, त्ये घालतोय."

मला आधी वाटलं, मुलगी म्हणून आडवे येतायत. मी पदर खोचून तयारच झाले. बाईमाणसानं बैलाला सुई टोचू नये असं वाटतं का तुम्हाला, वगैरे. ते शांतपणे म्हणाले, "टोचंना का. त्येचं मला काय न्हाई. तिच्या आज्जीनं सवताच्या हातानं अडलेल्या गायी सोडवल्यात. पर त्या बायलॉजीत बेडूक कापाया लागतोय म्हनं. खरं का?"

खरं होतं. त्या काळी बेडूक, झुरळ, गांडूळ सगळंच कापावं लागे.

त्यांनी माळेला हात लावला. "माज्या घरात अंड्याचं टरफल आलं न्हाई बाई आजवर. आन पोरीच्या हातानं जीव घ्यायचा? जनावराचा डागदर व्हयाला बेडूक कशाला? आमच्याकडं काय बेडकांचा गोठा हाय?"

"मग काय बैल कापून शिकवायचं?" हे माझ्या तोंडातून निघून गेलं आणि मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की मी चहात तोंड घातलं.

पण त्यांचं खरं चुकत होतं ते पुढं. त्यांना वाटत होतं, सायन्स म्हणजे सायन्स. आत्ता गणित घेतलं तरी बारावी झाल्यावर डॉक्टरकीला जाता येईल. तोवर कुणीतरी बेडकाचं रद्दही करील. ही समजूत त्यांची एकट्याची नव्हती, त्या पट्ट्यात जवळजवळ सगळ्यांची होती. सायन्सच्या फाटकातून एकदा आत शिरलं की कुठल्याही घरात जाता येतं, असं लोक धरून चालत. आत गेल्यावर पुन्हा दारं आहेत आणि विषय सोडला की त्यातलं एखादं कायमचं बंद होतं, हे कुणी सांगितलेलंच नसायचं. मी त्यांना म्हटलं, "जुवाला दोन वर्षं डावीकडं चाललेला बैल एकदम उजवीकडं जुंपला तर?"

"भांडंल. नांगुर वाकडा जाईल."

"इथं नांगरच मिळायचा नाही. बायलॉजी नाही तर त्या कॉलेजात अर्जसुद्धा घेत नाहीत."

त्यांनी माळेचा मणी बोटांत धरला. मग म्हणाले, "मंजी ती कदीच व्हनार न्हाई?"

"कधीच नाही," मी म्हटलं. "तिला विचारलंत का?"

"इचारलं की. समद्या घरासमूर इचारलं. म्हनली, तुमी म्हनाल तसं."

आता हे उत्तर कसलं उत्तर? घरातले झाडून सगळे, आजीसकट, समोर बसलेले, आणि ह्या मुलीला तोंड उघडायचं. मी त्यांना तसं म्हटलं. ते उठले, टॉवेल झटकला, आणि एवढंच म्हणाले की पुढच्या बाजाराला मुलीला घेऊन येतो, इथूनच कॉलेजात जाऊन अर्ज द्यायचाय.

त्या आठवड्यात मला काही सुचेनासं झालं. त्यांच्या माळेला मी काय म्हणणार होते? माझ्या सासरी माळकरी आहेत, ती माळ सांभाळायला काय लागतं ते मला माहीत आहे. आणि दुसरीकडे ती मुलगी. ती काही हट्ट करणार नव्हती, रडणारही नव्हती. ती गणित घेणार होती, पास होणार होती, आणि तिला काय हवं होतं ते पुन्हा कुणाला कळणार नव्हतं.

पुढच्या बाजाराला दोघं आले. मुलगी स्वच्छ पंजाबी ड्रेस-ओढणीत, हातात दाखले. आणि बाजारच तो, तिथं कुठली गोष्ट खाजगी राहते? गाड्याभोवती माणसं जमली. एक म्हणतोय इंजिनिअर कर, एक म्हणतोय कॉम्प्युटरचा जमाना हाय राव, एक म्हणतोय पोरीला एवढं शिकवून शेवटी उजवायचीच की. मुलीची मान खाली जात जात छातीला लागली. मी तोंड उघडणार एवढ्यात तिच्या वडिलांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

बैलबाजारात भाव मोठ्यानं बोलत नाहीत. दोघं टॉवेलखाली हात घालतात आणि बोटं दाबून एकमेकांना आकडा सांगतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. चेहरे दगडासारखे ठेवायचे. आणि तिथला कायदा असा, की टॉवेलखाली बोट धरलं म्हणजे शब्द दिला. मग आभाळ पडलं तरी मागे फिरायचं नाही. मी तिथं इतकी वर्षं बसत होते, पण बाईच्या हातावर टॉवेल पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

ते मुलीला म्हणाले, "हात दे." तिनं घाबरत हात पुढं केला. त्यांनी वर टॉवेल टाकला आणि तिच्या कानाशी वाकून, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "येक बोट म्हंजी गनित. दोन म्हंजी बायलॉजी. तुजं काय असंल ते दाब. हितं कुनाला दिसत न्हाई."

माणसं एकदम गप्प झाली. बाजारातल्या माणसानं दुसऱ्याच्या सौद्यात बोलायचं नसतं, हे अंगात मुरलेलं. मी त्या दोघांचे चेहरे बघत होते. तिचे डोळे जमिनीवर. त्यांचा चेहरा नेहमीचा, दलालाचा, काही म्हणजे काही सांगत नव्हता. टॉवेल थोडा हलला. मग थांबला. मग पुन्हा हलला. मला वाटलं, आता काही ह्या टॉवेलखालून हात बाहेर येत नाहीत.

शेवटी त्यांनी टॉवेल ओढून खांद्यावर टाकला आणि मला म्हणाले, "बाई, बायलॉजी लिवा."

"आवो पर बेडूक?" गर्दीतला एक जण म्हणाला.

"बोट धरलंय," ते म्हणाले. "आता त्यावर बोलनं न्हाई."

मुलगी ओढणीत तोंड घालून रडत होती आणि मावशी तिच्या पाठीवर हात फिरवत होती. मी पेन उघडलं तर मला अक्षर दिसेना. अर्ज शेवटी तिनंच भरला. नंतर, ती दाखले पिशवीत घालत होती तेव्हा ते माझ्याशी हळूच बोलले. "पयल्यांदा दोन दाबली. म्या म्हनलं, घाबरून दाबली आसंल. पुन्यांदा हात धरला. पुन्यांदा दोनच. तिसऱ्या बारीला आशी आवळली बाई, की मला सोडवना. घरात माज्याशी येवढं कदी बोलली न्हाई ती."

मी त्यांना नमस्कार केला. त्यांना तो कशाला ते कळलं नसावं. शिकलेल्या, सुधारलेल्या कितीतरी आईबापांना मी पुढं भेटले. पण मुलीला खरं उत्तर देता यावं म्हणून जागा तयार करणारा आणि ते उत्तर आपल्या विरुद्ध गेलं तरी पाळणारा बाप मला त्या दिवशी दिसला. माझ्या कामाला अर्थ आहे की नाही अशी शंका मला पुढं कधी आली नाही, ती त्यांच्यामुळे.

बारावीला तिला लागतील तेवढे मार्क पडले, थोडे धापा टाकतच. ती पशुवैद्यक झाली. दोन हजार सालानंतर कधीतरी तिची नेमणूक आमच्याच भागात झाली. एके सकाळी वारूळवाडीतल्या गोठ्यांत लस टोचायला आली आणि मी माहेरी आलेय कळल्यावर काम आटोपून माझ्याकडे आली. आता ती बोलते, पुष्कळ बोलते. हात धुवायला साबण मागितला, ओट्यावर बसून चहा घेतला, माझ्या भावाच्या गाईला अशक्तपणा आहे म्हणून मलाच रागावली. तिचे वडील वर्षभरापूर्वी गेले होते. त्यांचा विषय निघणारच होता.

मी विचारलं, "बेडकाचं मग घरी काही झालं नाही ना?"

"कधीच नाही," ती म्हणाली. "चीरफाडीचा दिवस असला की दादा मला आदल्या दिवशी विचारून ठेवायचे. मी घरी आले की दारातच ऊन पाण्याची बादली आणि धुतलेले कपडे. अंघोळ करूनच आत यायचं, एवढाच नियम. पाणी ते स्वतः तापवायचे. मला वाटायचं, विटाळाचं म्हणून असेल." तिनं कप खाली ठेवला. "दादा गेल्यावर आईनं सांगितलं. त्या दिवशी ते सकाळपासून काही खायचे नाहीत. पाणीसुद्धा नाही. आईला म्हणाले होते, पाप लागायचंच असंल तर माज्या नावावर लागू दे, पोरीला शिकू दे."

मी तिच्याजवळ सरकून बसले.

"दोन वर्षं, बाई, आणि मला पत्ता नाही. मी यायची ती भुकेनं कासावीस झालेली. आई ताट वाढायची. मी म्हणायची, चला दादा. आणि ते माझ्या ताटाशेजारी बसून म्हणायचे, माजं झालंय, तू जेव."